साहेबाचं नाव फायरआबेंड

बेसिंगस्टोक,
१४ जून २०२५

प्रिय वरदाताई,
सप्रेम नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक. कस्तुरीच्या टोमॅटोंना एकदाची फुलं आली. व्हॉट्सअ‍ॅप सोडून ईमेलने हे पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, लगेच माफ करून टाकतेस, म्हणून.

तू यतीनबरोबर नागपूरहून पाठवलेली संत्रा बर्फी पोचली. माझ्यासाठी नव्हतीच ती, माझ्या साहेबासाठी होती. यतीनने ऑफिसात सगळ्यांसमोर डबा त्याच्या टेबलावर ठेवला आणि तुझा निरोपही जसाच्या तसा दिला, "परीक्षितची सिस्टर म्हणतेय, प्लीज त्याला पंधरा दिवस सोडा. वडील रोज त्याची वाट बघतात."

फायरआबेंड माझ्याकडे बघतच राहिला. केबिनमध्ये नेऊन हळूच म्हणाला, "मी तुझी रजा कधी नाकारली?"

ताई, कधीच नाही. वर्षभर ज्याला मी खडूस जर्मन म्हणून रंगवला, तो माणूस पाच वाजता स्वतः दिवे बंद करून आम्हाला घरी पिटाळतो. त्याच्या आडनावाचा अर्थच मुळी दिवसाचं काम संपल्यावरची मोकळी संध्याकाळ. जर्मन लोक ऑफिसातून निघताना एकमेकांना छान फायरआबेंडच्या शुभेच्छा देतात. पूर्व जर्मनीत वृद्धाश्रमाच्या नावातही तोच शब्द असायचा; याची आजी तशाच एका ठिकाणी होती आणि हा शाळा सुटली की तिच्याकडे जायचा. आणि कुणी अती केलं की हाच शब्द दरडावून म्हणतात, म्हणजे बास, आता पुरे! हे सगळं त्यानेच मला हौसेने सांगितलेलं. तू त्याला 'मेला फायरआबेंड' म्हणायचीस आणि मी हसायचो.

एप्रिलमध्ये बाबांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हा 'साहेब सोडत नाही' म्हणालो ना? त्या आठवड्यात आम्ही ग्लासगोला फिरत होतो.

खरं सांगू? दिवाळीत घरी आलो तेव्हा बाबा माझं नाव घ्यायला धडपडले. अर्धांगाने तोंड वाकडं झालेलं, लाळ गळली, तू ओढणीने पुसलीस. ऑफिसचा कॉल आहे म्हणून मी गॅलरीत पळालो. कॉल नव्हता. मला त्यांना तसं बघवत नाही. तू मात्र रोज बघतेस. फार लाज वाटते गं.

हे सगळं मी त्यालाही सांगितलं. तो रागावला नाही. "म्हणजे तुझ्या घरी मी इतका वाईट आहे?" एवढंच विचारलं. मग स्वतःच्या हाताने माझा लॅपटॉप मिटला आणि आपलंच आडनाव माझ्यावर दरडावलं.

गुरुवारी येतोय, महिनाभरासाठी. बाबांची अंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं सगळं माझ्याकडे. तू हवं तिथे जा, नाहीतर नुसती झोप. दारात भाकरतुकडा ओवाळू नकोस, तेवढी माझी लायकी नाही. बाबांना इतक्यात सांगू नकोस, असं लिहिणार होतो. पण सांग. आजच सांग, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

रजा शिल्लक असूनही न आलेला,
तुझा परीक्षित