दाराआडची नोटीस

२ एप्रिल १९७९, सोमवार

रंभाबाई आज परत आली. सोमवार तिचाच. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तोच कोर्टाचा कागद — मशीन परत द्या म्हणून. चार वर्षांपूर्वी तिच्या दिराच्या चोरीच्या केसमध्ये आमच्या ठाण्याच्या पोलिसांनी तिची शिलाई मशीनही उचलून आणली. दीर सुटला. मशीन काही सुटली नाही. लोकांचे परकर-ब्लाउज शिवून पोट भरायची, आता चार घरची भांडी घासते.

"सापडली का जी?"

"शोधून राहिलो बाई. पुढच्या सोमवारी या."

मुद्देमालाच्या खोलीची किल्ली सहा वर्षांपासून माझ्या कमरेला आहे. शोधतो कसला! खोलीत मशीन नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

३ एप्रिल

ऊन आत्तापासूनच जिवावर उठलंय. दुपारी ठाण्यात कोणी नव्हतं, जुनं रजिस्टर काढलं. सन ७५ — ‘शिलाई मशीन, काळी, जुनी वापरती, नग एक.’ नंबर नाही, कंपनी नाही. अक्षर माझंच. आमच्याकडे लिहायची रीतच अशी. सोन्याला ‘पिवळा धातू’, सायकलीला ‘जुनी वापरती’. नंबर लिहिला की वस्तू ओळखू येते, आणि ओळखू आली की कटकट.

पुढे शेरा — ‘बेवारस. लिलाव, ऑक्टोबर ७६.’

बेवारस म्हणे. तेव्हा केस चालू होती आणि बाई दर तारखेला कोर्टात हजर होती.

लिलावाची नोटीस लावली होती, नाही असं नाही. मीच लावली. मोठ्या दाराच्या मागच्या भिंतीवर. ते दार दिवसभर उघडं, म्हणजे नोटीस दिवसभर दाराआड. नियमही पाळला गेला आणि कोणी वाचलीही नाही. बोली लावायला आम्ही ठाण्यातलेच. आम्हाला घ्यायची मनाई, म्हणून प्रत्येकाने कोणा ना कोणा पाहुण्याचं नाव लावलं. मशीन मी घेतली, मेव्हण्याच्या नावावर.

गेली अडीच वर्षं ती माझ्या घरात आहे. हे मी आजवर या वहीतही लिहिलं नव्हतं.

९ एप्रिल, सोमवार

ती आली. मी मागच्या दाराने निघून गेलो आणि कडुनिंबाखाली विड्या ओढत बसलो. पन्नाशी उलटलेला माणूस, एका बाईला भिऊन लपतो.

११ एप्रिल

नत्थूजीला सांगितलं. वीस वर्षांचा जोडीदार, शेजारच्या टेबलावर बसतो. त्याने आधी पान थुंकलं, मग म्हणाला, "पेन्शनले चौदा महिने राह्यले ना तुह्ये? मंग काहून खाजवून राहिला गा? झाकली मूठ सव्वा लाखाची."

खोटं नाही बोलला. त्याच लिलावातला पंखा त्याच्या डोक्यावर फिरतो.

१२ एप्रिल

घरी बायकोला, मनकर्णेला सांगितलं. मशीनवरच बसली होती, पोलीस लाईनीतल्या कोणाचं तरी ब्लाउज शिवत. मला वाटलं भांडेल. पाय थांबवले नाहीत तिने. शिवण पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, मग म्हणाली, "मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. एवढी तेलपाणी केलेली मशीन कोन टाकून देते?"

मग ट्रंक उघडून तळातून एक छोटा फ्रॉक काढला. गुलाबी, फुलाफुलांचा, एकच बाही लावलेली. मशीन आणली तेव्हा खणात होता म्हणे. अडीच वर्षं जपून ठेवला तिने, मला दाखवला नाही.

"टाकून द्यायचं मन नाही झालं. मशीनीसोबत हाही नेऊन द्या तिले."

मग चूल पेटवायला गेली. मला तिच्याकडे बघवेना.

१४ एप्रिल, शनिवार

जयंतीचा बंदोबस्त. पहाटे चारपासून उभा. पाय सुजले. दुसरं काही नाही.

१६ एप्रिल, सोमवार

सायकलरिक्षात मशीन घालून ठाण्यात आणली. फ्रॉक परत खणात ठेवला. साहेब अजून यायचे होते. बरं वाटत होतं, खरंच. वाटलं, एवढं झालं की सुटलो.

रंभाबाई अकराला आली. मशीन पाहून दारातच थबकली. मग जवळ येऊन चाक फिरवलं, फळीवर हात फिरवला, खण उघडला. फ्रॉक बाहेर काढून बराच वेळ बघत राहिली. मी म्हणालो, "घेऊन जा बाई. उशीर झाला, माफ करा."

"ही माही नोहे, साहेब."

मी म्हणालो, रजिस्टरात एकच मशीन आहे, तुमचीच असणार.

"मले लेकरूच झालं नाही जी. फ्रॉक कोनाले शिवू?" तिने घडी नीट घातली, खणात ठेवली. "हे कोन्या दुसऱ्या बाईची आहे. तिले द्या. तेही कुठं चकरा मारत असन."

नेली असती तर कोणी विचारणार नव्हतं. पुढच्या सोमवारी येते म्हणाली आणि गेली. नत्थूजीसुद्धा मान खाली घालून बसला.

म्हणजे मशीनी आल्या दोन आणि मी रजिस्टरात चढवली एक. दुसरी कोणाच्या पंचनाम्यातली, कोणत्या घरातली, मला सांगता येणार नाही. सहा वर्षांत अशा किती वस्तू माझ्या हातून गेल्या, तेही सांगता येणार नाही.

१७ एप्रिल

दाराआड नाही, बाहेरच्या भिंतीवर लावली, रस्त्यावरून वाचता येईल अशी. ७६ सालच्या लिलावाची सगळी यादी — काय विकलं आणि खरं कोणी घेतलं. सगळ्यात वर लिहिलं : शिलाई मशीन, काळी, खणात गुलाबी फ्रॉक, एक बाही. ज्या बाईची असेल तिने यावं. घेणारा — हेड कॉन्स्टेबल चंपतराव. खाली दुसरी ओळ : रंभाबाईची मशीन, कुठे आहे आम्हाला माहीत नाही.

साहेबांनी अजून वाचलेली नाही. बाहेर तिघी उभ्या आहेत.