पुढे चल आणि थांबा ना

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा उभ्यानेच नमस्कार (वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे). तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला कसा आहे ते कळव. मी ठणठणीत आहे, फक्त नोकरी आजारी आहे.

झालं असं, की पोलिसांना नीट शिकवतात की नाही हे पाहायला सोमवारी विधिमंडळाची समिती आमच्या प्रशिक्षण शाळेत आली. (आठवडाभर आम्ही झाडांच्या बुंध्यांना चुना फासत होतो, झाडाखाली झोपलेल्या एका कुत्र्यालाही थोडा लागला.) मैदानावर माझे चाळीस शिकाऊ शिपाई एका रांगेत ताठ उभे. अध्यक्षबाईंनी विचारलं, हुकूम चुकीचा वाटला तर हे काय करतात? मी छाती काढून सांगितलं, "वाटतच नाही, बाई. तसं आम्ही शिकवतच नाही."

बाईंनी पुढचा प्रश्न वाचायला सांगितला. त्यांचा सचिव त्यांचाच भाचा. तो कागद चाळताना अडखळला, तशा त्या त्याला म्हणाल्या, "बरं, पुढे चल."

चाळीस डावे पाय एकदम उचलले गेले, म्हणजे मला तसं वाटलं. समोर प्राचार्यांचे गुलाब, त्यापलीकडे हौद. पण अध्यक्षांचा हुकूम माझ्यासारख्या हवालदाराने कसा मोडायचा? मी प्राचार्यांकडे पाहिलं, त्यांनी बाईंकडे. बाई बोलायला फार मऊ. म्हणाल्या, "अहो, थांबा ना!" आता कवायतीत हुकूम आहे 'थांब'. 'थांबा ना' ही विनंती झाली, आणि विनंती ऐकण्याचा तास आमच्या वेळापत्रकात नाही. एकोणचाळीस जण गुलाब तुडवत, रांग न मोडता हौदात उतरले. (पाणी कमरेइतकंच.) एक मात्र जागचा हलला नव्हता. मी त्याला तिथल्या तिथे मैदानाच्या पाच फेऱ्या फर्मावल्या. बाईंनी त्या रद्द केल्या आणि वहीत लिहिलं: चाळिसांत एकालाच डोकं वापरता येतं. आता अहवालात शिक्षकावर शेरा येणार. तो वाईट आला तर प्राचार्य मला भांडारात जुने बूट राखायला बसवणार आहेत. बावीस वर्षं ज्याने मैदान गाजवलं त्याने बुटांना काय हुकूम द्यायचे?

दाजींना यातलं काही सांगू नकोस, उगाच खोकला वाढेल.

तुझा,
भाऊ

ता. क. समितीचा अहवाल विधिमंडळाच्या कचेरीत आपले दाजीच लिहून काढतात असं कळलं. सांगितलंसच, तर जेवण झाल्यावर सांग. त्या एका शिपायाला डोकं वापरायला मीच शिकवलं, एवढी एक ओळ त्यांनी घातली तरी पुरे.

ता. क. दुसरा. आत्ताच त्या शिपायाला शाबासकी द्यायला गेलो. चौथ्या हाकेला वळला. सर्दीने आठवडाभर त्याचे दोन्ही कान बंद आहेत. हुकूम त्याला ऐकूच आला नव्हता. (शेजारी हलला म्हणून आपण हलायचं नाही, हे मात्र खरंच मी शिकवलं आहे.) दाजींना म्हणावं, ओळ घालाच. आणि समितीला फेरतपासणी करायची असेल, तर त्याचे कान मोकळे व्हायच्या आत या म्हणावं.