शिट्टी न झालेला राजमा

ती. आक्का,

आप्पासोचा जय जिनेंद्र. तुझ्या दोन्ही गुडघ्यांची वेगवेगळी खुशाली कळव. इकडे मंगळवार पेठेत आता सगळे उठून बसतात. 'आता' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे.

शनिवारी आदितीला बघायला गारगोटीचे पाहुणे आले. मुलगा श्रेणिक आणि त्याचे आईवडील. मुलगा आदितीला आधीच पसंत होता (मला हे सगळ्यांत शेवटी कळलं, घरात तो मान माझाच), त्यामुळे सोयरीक मोडली तर पोरगी जन्मभर माझ्याशी बोलणार नाही, ही धास्ती होतीच. नेमकी चतुर्दशी, हिरवी भाजी नाही, म्हणून तुझ्या भावजयीनं राजमा भिजवला. तेवढ्यात आमचे अभिनंदन (चिरंजीव, मोबाइलवर आहारशास्त्र शिकतात) सांगायला लागले की लेक्टिन म्हणून काहीतरी गव्हात, शेंगदाण्यात, टोमॅटोतही असतं, पण राजम्यातलं जालीम, भिजवलेलं पाणी फेकायचं आणि खळखळून उकळायचं, नाहीतर पोटाचं वाटोळं. मी म्हटलं, आपले आजोबा नव्वदीपर्यंत कडधान्य खाऊनच जगले. (ते राजमा खात नव्हते, हे मी बोललो नाही.)

पाहुण्यांची गाडी वाटेत पंक्चर. ते आले तेव्हा ऊन समोरच्या माडीच्या कठड्यावर चढलेलं. मुलाच्या वडिलांना सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य. आणि आमच्या कुकरचं रबर सैल. वाफ बाजूनं निघून जाते, शिट्टी काही होईना. पाहुणे खिडकीकडे बघतायत, आम्ही कुकरकडे. अभिनंदन म्हणाला, अजून अर्धा तास तरी उकळू द्या. मी भडकलो, "सूर्य काय तुझ्या बापाचा गडी हाय व्हय, थांबायला?" (बाप मीच, हे नंतर लक्षात आलं.) आणि कुकर उतरवला.

राजमा दाताखाली कचकच लागत होता. पण आग्रह केला नाही तर आपण कोल्हापूरचे कसले? मुलाच्या वडिलांनी ताटावर हात आडवा धरला, तर मी बोटांच्या फटीतून वाढलं.

दिवेलागणीनंतर एकेकानं मोरी गाठायला सुरुवात केली. मुलाच्या वडिलांची अवस्था सर्वांत वाईट. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं, ते म्हणाले, मीठसाखरेचं पाणी द्या. त्यांनी तोंड घट्ट मिटलं. आक्का, खरं सांगतो, मी घाबरलो. लग्न राहिलं बाजूला, माणूस माझ्या घरात जातो की काय असं वाटलं. मग डॉक्टरांनी पिशवीतून सलाईनची बाटली काढली, तर शिरेतून जातं ते पिणं धरायचं की नाही यावर आजारी माणसांत वाद सुरू झाला (दोन उलट्यांच्या मधल्या वेळात). आदिती स्वतः भिंत धरत आली आणि श्रेणिकच्या वडिलांच्या उशाशी बसली (होणाऱ्या सासऱ्याला मामा म्हणायलाही लागली). "मामा, नियम तुमचा, राजमा आमचा. सुई टोचून घ्या, पाप आमच्या नावावर."

त्यांनी हात पुढे केला.

सकाळी ते "कळवतो" म्हणून गेले. तेव्हापासून आदिती जेवत नाही आणि मला घास जात नाही.

तुझा,
आप्पासो

ता.क. जाताना त्यांनी राजमा कुठला म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, कोडोलीच्या आक्काच्या शेतातला. रविवारी ते तुझ्याकडे येणार आहेत. तुझ्या शेतात फक्त ऊस आहे हे मला ठाऊक आहे, पण तेवढं सांभाळून घे.

आणखी ता.क. वरचं आदितीनं वाचलं आणि गारगोटीला फोन करून सगळं खरं सांगून टाकलं. तरी ते रविवारी तुझ्याकडेच येतायत, लग्नाची तारीख धरायला. त्यांच्या अटी दोन: जेवण तुझ्या हातचं, आणि वाढायला मी नको. मी दोन्ही कबूल केल्यात. त्यातली पहिली तुझी आहे.