अडवून ठेवलेलं नाव

आप्पा, त्याचा नातू आला होता. मुंबई बंदरातल्या त्या सरकारी साहेबाचा, ज्याने महायुद्धाच्या दिवसांत तुमच्या जरीच्या किनखापाच्या पेट्या अडवल्या. वडिलांच्या अस्थी घेऊन पुण्याहून आला आणि गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून धापा टाकत आपल्या दारात उभा राहिला. पिंडासाठी पणजोबांचं नाव हवं होतं, ते आपल्या बहीत, यजमानांच्या पिढ्यांच्या नोंदवहीत, असेल म्हणाला. तुमच्यामागे बही माझ्याकडे, तुमच्या लेकीकडेच आहे. त्याने आजोबांचं नाव सांगितलं मात्र, माझं डोकंच फिरलं.

ते नाव मला आठव्या वर्षापासून पाठ आहे. घाटावरची भिक्षुकी सोडून तुम्ही नदीपलीकडच्या रामनगरच्या विणकराकडून किनखाप विणून घेत होतात. माल घेणारा व्यापारी ज्या देशाचा, तो देश कुणाच्याच बाजूने लढत नव्हता. तरी माल पुढे शत्रूकडे जाईल, असा साहेबाचा संशय. तुम्ही एक कागद पाठवला की तो दुसरा मागतो. प्रत्येक पत्राखाली तीच लपेटदार सही. आई चुलीपाशी विचारते, आज काय आलं, आणि तुम्ही पत्राची घडी करून खिशात घालता. लढाई संपल्यावर पेट्या परत आल्या त्या बुरशीने काळ्या पडून. विणकर अंगणात एकेक थान उलगडून बघत राहिला. तुम्ही पुन्हा घाटावरच्या छत्रीखाली जाऊन बसलात आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढच्या इयत्तेची पुस्तकं तुम्हीच हौसेने आणली होतीत. अजून माझ्या ट्रंकेत आहेत.

मग मी काय केलं ते ऐका. नातवाला म्हटलं, ओळखीचा कागद आणा. आणला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, हा चालत नाही, आजोबांचा दाखला आणा. साठीचा माणूस, गुडघे धरत पुन्हा चढला, पुण्याहून मोबाइलवर मागवलेला दाखला घेऊन. तिसऱ्या दिवशी बही न उघडताच सांगितलं, आमच्याकडे नाव नाही.

"आजी, नीट पाहिलंत ना? बाबांची शेवटची इच्छा होती."

"पाहिलं."

त्याला खाली मान घालून उतरताना बघून इतकं बरं वाटलं, की दुपारी दोन पोळ्या जास्त जेवले.

बही उघडली ती त्यानंतर. नाव होतं, आणि तुमच्याच अक्षरात! लढाईनंतर साहेब स्वतः त्याच्या आईच्या अस्थी घेऊन आला होता. तुम्ही त्याचे विधी केलेत, पान भरलंत, खाली त्याने तीच सही केली. ओळखलं नाही असं म्हणू नका. घरी एका शब्दाने बोलला नाहीत. मला त्याच्यापेक्षा तुमचाच राग जास्त येतो, आप्पा. माझ्यासाठी तरी त्याला एकदा रिकाम्या हाताने परत पाठवायचं होतंत.

पान फाडायला घेतलं होतं. तुमचं अक्षर, म्हणून राहिलं. नातू जाताना त्याचा नंबर देऊन गेला होता, तो मी त्याच पानावर पेन्सिलने लिहिलाय. हे पत्रही तिथेच ठेवते. फोन अजून लावलेला नाही.