कुठल्याच विमानाची नसलेली फळी

अण्णा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. मी श्रीपूरहून परत आले. तिथे साखर कारखान्याच्या बॉयलरचे वेल्डिंगचे सांधे तपासायचे होते. हे काम गॅमा किरणांनी होतं, म्हणून किरणोत्सर्ग मोजणारं मीटर सोबत असतं. ऑफिस बंद झालं होतं, त्यामुळे मीटर घरी आणलं.

२. मागच्या खोलीत बॅटरी बघायला ते चालू केलं.

३. काटा वर गेला. टकटक वाढली. मला वाटलं, मीटरच बिघडलं.

४. मीटर खोलीभर फिरवलं. टकटक तुमच्या फळीपाशी सगळ्यांत जास्त होती.

५. फळीवरच्या एका डायलची काच जागेवर नव्हती.

६. ती दादाच्या मुलीच्या भातुकलीत सापडली. तिने तिची ताटली केली होती.

७. दादाची मुलगी पाच वर्षांची आहे. ती त्याच खोलीत झोपते.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते, ही मुलगी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. तुमची फळी मात्र तेव्हा होती तिथेच आहे, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर. काळा रंग दिलेला पत्रा, त्यात सहा भोकं, सहा भोकांत सहा डायल. एअर फोर्समधून सुटून तुम्ही सोलापुरात मीटर दुरुस्तीचं दुकान टाकलंत, तरी भंगारात विमानाचा तुकडा दिसला की तुमचा पाय तिथून निघत नसे. आई त्या डायलांना घड्याळं म्हणते. सहाही बंद, तरी घड्याळंच.

तुमचा खेळ मला अजून जसाच्या तसा आठवतो. जुन्या पुस्तकातलं चित्र तुम्ही माझ्यापुढे धरता, खालच्या नावावर अंगठा ठेवता, आणि विचारता, "सांग, कुठलं?" चित्रात पंख नाहीत, शेपूट नाही. फक्त बसायची जागा. मी कुरकुर करते, की बाहेरून दाखवा. तुम्ही म्हणता, "बाहेरून काय, रंग दिला की झालं. आत बसणाऱ्याला फसवता येत न्हाय. पहिलं वेगाचं डायल बघ. मैल का नॉट का किलोमीटर? मग उंची. फूट का मीटर?" समोर जेमतेम चार डायल, गुडघ्यांच्या मध्ये मोठं होकायंत्र आणि पेट्रोलचा काटा आत कुठेच नाही, तर टायगर मॉथ, तो काटा वरच्या पंखातल्या टाकीवर, डोक्यावर. पत्रा निळसर हिरवा आणि मधोमध पांढरी उभी रेघ असली तर मिग. विमान गरगरत खाली जायला लागलं की दांडा त्या रेघेकडे ढकलायचा. एकदा तुम्ही असं चित्र दाखवलंत, ज्यात खुर्चीच नव्हती. हनुवटी टेकायला एक गादी होती. मी म्हटलं, "अण्णा, ह्यातला माणूस मेला व्हय?" तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. पालथं झोपून चालवायचं विमान होतं ते, प्रयोगापुरतं केलेलं.

फळी कुठल्या विमानाची, ते मात्र तुम्ही सांगितलं नाहीत. मी दर सुट्टीत एक नाव घ्यायची. तुम्ही म्हणायचात, "चूक. बघ अजून." मग तुम्ही गेलात.

आता तेच नाव मला हवं होतं, आणि खेळ म्हणून नाही. जुन्या विमानांत आकडे नि काटे अंधारात दिसावेत म्हणून रेडियम मिसळलेला रंग लावत. त्याची चमक काही वर्षांत मरते. रेडियम मरत नाही, ते आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. काचेआड बंद असेल तोवर फारसं भय नाही. रंगाचा भुगा झाला आणि तो पोटात किंवा छातीत गेला, तर आहे. नंतरच्या विमानांत हा रंग गेला, दिवे आले. म्हणून पुण्याच्या आमच्या साहेबांनी फोनवर आधी पोरीला घराबाहेर काढायला लावलं आणि मग विचारलं, "मॅडम, विमान कुठलं? विमान कळलं तर रंग कुठला, कधीचा, ते कळेल."

दादा पोरीला आणि वहिनीला घेऊन सांगोल्याला सासुरवाडीला गेला. जाताना पोरीने भातुकली मागितली. मी नाही म्हटलं. ती रडली. मी तिला जवळ घेतलं नाही, कारण माझ्या हातांवर काय आहे ते मला माहीत नव्हतं. आदल्याच रविवारी तिने मला त्या काचेच्या ताटलीत जेवायला वाढलं होतं. "आत्या, सगळं संपवायचं," म्हणाली. मी ताटली तोंडाला लावली होती. तिनेही लावली. तिने चाटली.

आईला मी एवढंच म्हटलं, की फळीला हात लावू नकोस. आई घाबरली की तिच्या माहेरचं, मैंदर्गीचं कानडी तोंडात येतं.

"याक? काय झालं?"

"त्यातला रंग विषारी आहे."

"अगं, दर दसऱ्याला पुसते की मी ती. हळदकुंकू लावते. त्यांची हत्यारं न्हवं का ती?"

"कशाने पुसतेस?"

"कशानं म्हंजे? पदरानं."

मी तिला त्या साड्या काढून द्यायला सांगितल्या. ती म्हणाली, "माणूस जाऊन एवढी वर्सं झाली, आता त्येच्या वस्तूला नावं ठेवा," आणि साड्या काढून दिल्या. आठ निघाल्या. त्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मी गच्चीवर ठेवल्या आहेत. आई वर जाऊन लांबून पिशवीकडे बघून येते.

दुसऱ्या दिवशी मी मास्क आणि हातमोजे घालून फळीसमोर बसले. वेग बघितला. नॉट. उंची बघितली. मीटर. मी थांबले. नॉटमध्ये वेग आणि मीटरमध्ये उंची, असं एका फळीवर मी कधी पाहिलेलं नाही. मग विमान किती कललंय ते दाखवणारं क्षितिजाचं डायल. त्यात क्षितिज स्थिर आणि कलणारं ते छोटं विमान, म्हणजे रशियन. शेजारच्या डायलवरची अक्षरं इंग्रजी. पत्रा खाली उतरवून मागची बाजू बघितली. सहांपैकी चार भोकं कानशीने मोठी केलेली होती आणि खालचं डायल घट्ट बसावं म्हणून चामड्याची चकती कापून घातलेली होती. ती कात्रीची कड तुमची. अण्णा, हे कुठलंच विमान नाही. चार-पाच विमानांतून सहा डायल काढून तुम्ही एक विमान केलंत, आणि मला वर्षानुवर्षं त्याचं नाव विचारलंत. एरवी मला हसू आलं असतं. मी साहेबांना कळवलं, की एक उत्तर नाही, प्रत्येक डायल वेगळं मोजावं लागेल.

मोजलं. दोन डायलांपाशी मीटरचा काटा वर जातो. त्यातलं एक उंचीचं, ज्याची काच निघाली. उरलेली चार गप्प. पण त्या चारांतली तीन अशा काळातली आहेत, की ती गप्प असायला नकोत. मी भिंग लावलं. काट्यांच्या खाचांत बारीक ओरखडे आहेत. कुणीतरी जुना रंग खरवडून काढलाय आणि वर साधा पांढरा रंग दिलाय, अगदी बारीक ब्रशने, आकड्यांच्या कडा न मोडता. असं काम करणारा माणूस आमच्या घरात एकच होता.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

आणि मग तो दिवस आठवला. तुम्ही मला एकदाच ओरडलात, तो. आई मैंदर्गीला गेलेली. मी शाळेतून येते, मागच्या खोलीचं दार आतून बंद. मी ढकलते. पलीकडून तुमचा आवाज, "येऊ नको म्हटलं ना! हो लांब!" तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. मी ओट्यापाशी जाऊन उभी राहते. बऱ्याच वेळाने तुम्ही घरात येता, ते खोलीतून नाही, घराला वळसा घालून पुढच्या दाराने. नाकातोंडावर रुमाल बांधलेला. भर दुपारी अंघोळ करता आणि कपडे स्वतः धुता. मग मला जिलेबी आणून देता. मी ती खाल्ली नाही. मला वाटलं, तुमच्या हत्यारांना हात लावीन म्हणून तुम्ही चिडलात.

आता मला तुमच्या रागाचं काही वाटत नाही. मला त्या दाराचं भय वाटतं. मागच्या खोलीला दोन दारं आहेत, एक घरात, एक मागच्या अंगणात. तुम्ही खोलीत बसून खरवडलंत आणि अंगणातून बाहेर आलात? की खोली नुसती बंद करून अंगणातच बसला होतात? खोलीत असेल, तर फरशीच्या फटींत तो भुगा आहे आणि त्या फटींवर पोरगी गादी घालून झोपत होती. अंगणात असेल, तर तिथे आता कढीपत्ता आहे. आई रोज फोडणीला तोडते.

माझ्या मीटरने मी दोन्हीकडे बघितलं. काही आलं नाही. तुम्ही म्हणाल, मग झालं तर. नाही झालं. हे मीटर आमच्या कामाच्या मोठ्या किरणोत्सर्गासाठी आहे, चिमूटभर भुगा पसरलेला असेल तर त्याला तो कळणार नाही. काटा शून्यापाशी असणं म्हणजे तिथे काही नसणं, असं मला म्हणता येत नाही. भुगा शोधणारं यंत्र घेऊन शुक्रवारी सकाळी पुण्याहून माणूस येणार आहे. तो दुपारी परत जाईल, तेवढ्यात सगळं घर तपासून होणार नाही. कुठून सुरू करायचं ते मीच त्याला सांगायचं आहे.

पोरीची लघवी तपासायला पाठवली आहे. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणाले. तुम्ही ज्यात गेलात त्या छातीच्या आजाराचा हिशेब मी लावून पाहिला. लागत नाही. तुम्ही बिड्या ओढायचात, त्यामुळे कुठल्याच बाजूने काही सिद्ध होत नाही. तुम्ही तीन डायल साफ केलीत आणि दोन का सोडलीत, तेही कळत नाही. दमलात? की तिघांतच कळून चुकलं, की खरवडणं हेच जास्त वाईट आहे? आणि कळलं, तर फळी भिंतीवर परत का लावलीत? मी दर सुट्टीत एक नाव घेत होते म्हणून?

दादाचा काल फोन आला. "शनिवारी पोरीच्या शाळेत कार्यक्रम हाय. शुक्रवारी रात्री घेऊन येऊ का नको, तेवढं सांग. तू सांगशील तसं." दादाने आजवर माझं एकही ऐकलेलं नाही. ह्या एका गोष्टीत तो माझ्यावर सगळं सोडून मोकळा झाला. मी म्हटलं, शुक्रवारी दुपारी सांगते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला कळतं. मी अंधश्रद्धाळू नाही. रुमालाचं मी साहेबांना सांगितलं आहे. आईला सांगितलेलं नाही. तिला म्हटलं, अण्णांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. आणि एक. मीटर मी आईच्या बोटांजवळ धरलं, चुलीपाशी, पोरीच्या उशीवर, कढीपत्त्याच्या बुडाशी. स्वतःच्या अंगाजवळ अजून धरलेलं नाही.

खोलीत की अंगणात, आणि खरवडलेला भुगा कशात बांधून कुठे टाकलात, एवढंच कळवा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत.