फोटोतली मिशी

९ ऑक्टोबर, गुरुवार

बाबा हरवले. बागेत. माझ्या हातून.

नीट लिहून ठेवते, नाहीतर पोलिसांना एक सांगेन आणि दादाला दुसरंच. चार वाजता राणीच्या पुतळ्याच्या गेटने आत गेलो. ही बाग त्यांची लाडकी — दीडशे वर्षांची आहे, दिव्याचे खांबसुद्धा तेव्हाचेच, हे ते मला दर वेळी नव्याने सांगतात. बँडस्टँडसमोरच्या बाकावर त्यांना बसवलं. बँड वाजत होता, गर्दी बरीच. मी काचघरामागच्या स्वच्छतागृहात गेले. रांग होती. अकरा मिनिटं! परत आले तर बाकावर एक जोडपं आइस्क्रीम खात बसलेलं.

धावत तीन चकरा मारल्या. तळ्याचा काठ, काचघर, गुलाबांचे वाफे, पुन्हा बँडस्टँड. प्रत्येक म्हाताऱ्याचं तोंड बघितलं. सहाला घंटा झाली आणि दरवानाने गेट ओढलं. "म्हातारी माणसं लांब जात नाहीत, ताई," म्हणाला. मी त्याच्यावरच ओरडले. त्याचा काय दोष!

१० ऑक्टोबर

दादा पहिल्या गाडीने आला. पिशवी खाली ठेवायच्या आधीच — "बाथरूमला अकरा मिनिटं लागतात?" मी त्याच्या हातातली पिशवी घेतली. वर्षातून दोनदा येणारा माणूस घड्याळ फार नीट वाचतो.

पोलिस ठाण्यात त्याने आपल्या फोनमधला फोटो दिला. वहिनीच्या वाढदिवसाचा. बाबा कोटात, मिशीला पीळ दिलेला. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "अलीकडचाच आहे ना?" दादा म्हणाला, "सहा महिन्यांपूर्वीचा. असेच आहेत अजून." आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

बाबांना मिशी नाही. सोमवारी मी काढली.

खाल्लेलं सगळं तिच्यात अडकायचं. पुसायला गेलं की हात झटकायचे. सोमवारी सूप सांडलं, दोनदा कपडे बदलले, तिसऱ्यांदा माझं डोकंच फिरलं. आधी कात्री, मग वस्तरा. बस डेपोत तीस वर्षं त्यांना कुणी नावाने ओळखत नव्हतं, 'मिशीवाले साहेब' म्हणायचे. झोपेतून उठल्यावर चहाच्या आधी छोटा कंगवा लागायचा. मिशी काढल्यावर ते आरशासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "हे गृहस्थ कोण?" तेव्हापासून ओठावर हात ठेवूनच बसायचे. मी म्हटलं, वाढेल परत. जसं काही नखच कापलंय!

हे दादाला कसं सांगू? उद्या सांगते.

११ ऑक्टोबर

सांगितलं नाही.

दोनशे पोस्टरं छापून आली. बागेच्या चारही गेटांवर, बस स्टॉपवर, दवाखान्यांत लावली. खळ माझ्या हाताला अजून चिकटलीये. खाली लिहिलंय, 'पांढरी, भरघोस मिशी'. ते मी स्वतः तपासून 'बरोबर' म्हटलं.

चोराच्या मनात चांदणं. दादा नुसतं "ऐक ना" म्हणाला तरी मी काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जाते. स्वतःला समजावते — मिशी नसली म्हणून काय, डोळे तेच, चाल तीच, निळा स्वेटर आहे. ओळखतील लोक. काल सांगितलं असतं तर फक्त बोलणी खाल्ली असती. आता दोनशे पोस्टरं खोटी आहेत.

१२ ऑक्टोबर

आज तळ्यात माणसं उतरवली. दोन तास काठावर उभी होते. काही मिळालं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

घरात बसवेना म्हणून पुन्हा बागेत. काचघराच्या पायरीवर एक म्हातारे बसले होते, पाठमोरे. जरा वळले. मिशी नाही. मी नजर पुढे नेली.

दहा पावलं गेल्यावर लक्षात आलं. मी स्वतः मिशी शोधत होते! जिने वस्तरा चालवला तीच. धावत मागे आले. बाबा नव्हते ते, दुसरेच कुणी. पण गुरुवारीही मी असंच बघितलं असणार. चाळीस वर्षं जे गर्दीत लांबूनच ओळखू यायचं, डोळे तेच शोधणार. किती जणांच्या तोंडावरून नजर नेली आणि सोडून दिली, देव जाणे.

गेटपाशी येऊन राणीच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला टेकले आणि दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या लग्नात नुसतं म्हटलं होतं, जरा बारीक करा. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी." आणि हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. मला वाटलं होतं तो मारेल मला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"चार दिवस, ताई," एवढंच म्हणाला शेवटी. मी त्याच्याहून लहान आहे. रागावला की ताई म्हणतो.

फोटो स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर मिशी पुसून दिली. खालून एक साधा, दमलेला माणूस निघाला. नवी पोस्टरं आम्ही दोघांनी मिळून जुन्यांवर चिकटवली. तो खळ लावायचा, मी कागद दाबायचे.

१४ ऑक्टोबर

सापडले. उत्तर गेटपासून दोन स्टॉपवर बेघरांचा निवारा आहे, तिथे होते, गुरुवार संध्याकाळपासून. तिथले वॉर्डन म्हणाले, "पोस्टर रोज बघत होतो हो. पण ते मिशीवाले." बाबा मला बघून खुर्चीतून उठले, अनोळखी बाईसाठी उठतात तसे. "तुम्हीच ना त्या? बागेत माझ्यासमोरून तीनदा धावत गेलात. मी मागे येत होतो मदतीला, पण तुम्ही फार भरभर चालता. सापडला का तुमचा माणूस?" मी म्हटलं, हो. "मग बरं झालं," म्हणाले. "आता मला निघायला हवं. माझी मुलगी बाथरूमला गेलीये, मी बाकावर दिसलो नाही तर घाबरेल."