चोच उघडलेली, आवाज नाही

४ जानेवारी

चि. बगळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी हार्ड डिस्क पोचली आणि तिच्या डब्यातलं पत्रही पोचलं. दोन्हींपैकी पत्र जास्त तापलेलं होतं. पाणथळीत दिवसदिवस एका पायावर उभा राहणारा माणूस इतका चिडू शकतो, हे मला नवीन. लहानपणी तुला हे नाव ठेवलं तेव्हा तुझी शांतताच तेवढी माझ्या लक्षात आली होती.

आधी मुद्द्याचं. संग्रहालयाच्या बाईंनी आपली फिल्म परत पाठवली, कारण तुझ्या लव्हाळ्यातल्या पक्ष्याचा आवाज तीत कुठेच नाही. दिसायला तो त्याच्या नेहमी दिसणाऱ्या चुलतजातीसारखाच. फरक काय तो शिट्टीत. शिट्टीच नाही म्हटल्यावर 'हा नेहमीचाच पक्षी दिसतो' असं त्यांनी लिहिलं, यात त्यांचं काय चुकलं? पण तू तो पक्षी शोधायला तीन हिवाळे चिखलात काढलेस आणि आता लोक तुला चष्मा बदलायला सांगताहेत, हेही मला कळतं.

तू विचारतोस, ताई, नेमक्या त्याच जागा का कापल्यास? अरे, त्या जागा मुक्या होत्या. पक्षी चोच उघडून बसलाय, गळा थरथरतोय, आणि आवाज नाही. तुझ्या माइकने ऐनवेळी मान टाकली असणार, असं वाटलं. मुका पक्षी लोकांना कशाला दाखवा, म्हणून काढला. जास्तीचं छाटणं हा माझा स्वभावधर्म आहे. शाळेत संस्कृत शिकवताना मुलींचे निबंध मी याच निष्ठेने छाटले. एकीनेही परत पाठवले नाहीत.

सगळा विचार करून मी दोष लॅपटॉपवर ठेवला आहे. त्याचं वय झालं. सुरू केला की आधी त्याचा पंखा घरघरतो, मग मी चहा टाकते, मग तो डोळे उघडतो. तुझ्या नव्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण त्याच्यापुढे ठेवलं की पक्षी उडत नाही, एका फांदीवरून अंतर्धान पावून दुसरीवर प्रकट होतो. आवाजाची लाट पडद्यावर दाखवायची सोय मी केव्हाचीच बंद करून ठेवली आहे. ती काढता काढता बिचाऱ्याला धाप लागायची. असा जीव आवाज गिळत असेल तर नवल नाही.

तरी नवा घेऊ नकोस. मेमरी वाढवून आणि आतली जुनी डिस्क बदलून तो अजून काही काळ निघेल. म्हाताऱ्या माणसाला काठी दिली की चालतो, लगेच माणूस बदलत नाहीत.

आणि फोन करत जाऊ नकोस. फोनवर तू भरभर बोलतोस, अर्धं वाऱ्यावर जातं. पत्रात तू शहाणा वाटतोस.

तुझी,
ताई

१९ जानेवारी

चि. बगळ्यास,
आशीर्वाद.

माझं न ऐकण्याची तुझी परंपरा अखंड आहे. लॅपटॉप आला. मोठ्या खोक्यात छोटं खोकं, त्यात आणखी छोटं. उपोद्घातच इतका लांब की ग्रंथ मिळेपर्यंत तुझ्या भावोजींनी स्वयंपाकघरातली कात्री बोथट केली.

यंत्र देखणं आहे, हे कबूल. झाकण उघडायच्या आत जागं होतं. पंखा आहे म्हणतात, पण त्याचा आवाज काही येत नाही. पूर्वी फिल्म एक्स्पोर्टला लावून मी भाजी चिरून, कपडे घड्या करून, शेजारणीशी बोलून यायची, तरी पट्टी अर्ध्यावरच असायची. आता खुर्चीतून उठेपर्यंत 'झालं' म्हणतो. मला घरकामाला सबबच उरली नाही. तुझा पक्षी आता खरोखर उडतो. त्याच्या पंखाखालची फिकट रेघ मी प्रथमच पाहिली.

जुना मी टाकलेला नाही. कपाटात शब्दकोशांच्या शेजारी ठेवला आहे. दोघांनाही कुणी उघडत नाही, तेव्हा जमेल त्यांचं.

आवाजाचं विचारशील. बघते आहे. नव्यावर लाटेची सोय सुरू केली. निळ्या लाटा फार सुंदर दिसतात. ज्या जागा मी कापल्या होत्या तिथेही बारीक दाते दिसतात, कंगव्यासारखे. वाऱ्याचे असतील. किंवा तुझ्या माइकमध्येच काही खोट असेल. एकदा तपासून घे. सगळं काय ते माझ्याच टेबलावर बिघडतं असं धरून चालू नये.

बाईंनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे, हे लक्षात आहे. त्यांच्या दालनात तो पडदा कायमचा लागणार आणि त्यावर तुझा पक्षी दिवसभर फिरणार, हेही लक्षात आहे. घाई करून पत्रं पाठवू नकोस.

इकडे ठीक. तुझे भावोजी हल्ली वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसतात. टीव्हीचा आवाज मोठा होतो म्हणे. या वयात माणसं नाजूक होतात.

परवा का कोण जाणे, बाबांचे रेडिओ आठवले. आधी तो लाकडी, मग तो कातडी पिशवीतला, मग तो चंदेरी. प्रत्येक वेळी दुकानदाराला सांगायचे, 'हा पुटपुटतो, स्पष्ट बोलणारा द्या.' बिचारा दुकानदार.

फोन नको. कामात असते.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

प्रिय बगळ्या,

आज आशीर्वाद शेवटी देईन. तोवर तुला तो घ्यावासा वाटला तर घे.

सोबतच्या डिस्कवर फिल्म आहे, पूर्ण केलेली. शिट्टी तीत आहे, जिथे जिथे तू ती पकडलीस तिथे तिथे आहे. संग्रहालयाच्या बाईंना मी प्रत परस्पर पाठवली, मुदत टळू नये म्हणून. त्यांचं उत्तर कालच आलं. पक्षी तोच आहे, तू म्हणत होतास तो. भिंतीवरच्या पाटीवर तुझं नाव घालायचं म्हणून त्यांनी त्याचं शुद्धलेखन विचारलं आहे. शेवटी मीच तपासून पाठवलं.

आता दुसरं.

मागचं पत्र टाकून आल्यावर मी तुझं मूळ चित्रीकरण पुन्हा लावलं. पक्ष्याने चोच उघडली, खाली कंगव्याचे दाते सरकले, आणि खोलीत काही नाही. मी आवाज वाढवला. काही नाही. बाहेरचे स्पीकर जोडून बटण शेवटापर्यंत फिरवलं. तू म्हणतोस तशी पाण्याची खळखळ आली, तुझं खोकणं आलं, पक्षी मात्र मौनात. मी पुन्हा पुन्हा तेच लावत राहिले. नवं यंत्रही सदोष निघालं म्हणून तुला काय लिहायचं, त्याची वाक्यंसुद्धा मनात जुळवली होती.

तेवढ्यात तुझे भावोजी आतून आले. हातात घडी केलेलं वर्तमानपत्र, नजर वर छताकडे. कपाटावर पाहिलं, पंख्यामागे पाहिलं, खिडकीचा पडदा झटकला. मला म्हणाले, "खिडकी कशाला उघडी टाकलीस? पक्षी आत शिरलाय."

खिडकी बंद होती, बगळ्या.

मी पडद्यावरचा पक्षी थांबवला. ते म्हणाले, "गेला वाटतं." मी पुन्हा चालू केला. त्यांनी पुन्हा वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे, आणि वर्तमानपत्र टेबलावर ठेवून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. वीस वेळा सांगूनही ते माझ्या कामाच्या टेबलाशी कधी बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एका लहानशा बंद खोलीत कानांवर हेडफोन घालून बसवतात, हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला छान दाबलं, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं. मग बराच वेळ अंगठा तयार ठेवून बसून राहिले. डॉक्टरीणबाई काचेपलीकडून अधूनमधून माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला वाटत होतं, यांनी अजून सुरू कसं केलं नाही.

त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली. काही अंतर सरळ, मग जिन्यावरून उतरल्यासारखी खाली. वरचे बारीक स्वर गेले, ते परत यायचे नाहीत. कानात यंत्र बसवलं तर माणसांचं बोलणं बरंच सुधारेल. एवढी बारीक शिट्टी मात्र बहुधा नाही. यंत्राचं माप देऊन आले आहे. अपग्रेड हा शब्द तुझ्याच तोंडून शिकले, तो असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

मग फिल्म कशी केली? दाते बघून. जिथे कंगवा तिथे शिट्टी. आणि खात्रीसाठी तुझे भावोजी शेजारी. शिट्टी आली की त्यांनी हात वर करायचा. पहिल्या दिवशी त्यांनी तुझ्या खोकल्यालाही हात वर केला, पण नंतर तयार झाले. मी त्यांना विचारलं, कशी आहे हो शिट्टी? त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि म्हणाले, "बारीक." इतकी वर्षं माझ्यासारख्या बाईबरोबर राहून या माणसाची शब्दसंपत्ती ही. तेव्हा ती कशी आहे ते तूच मला नीट लिही, सावकाश, विशेषणं न छाटता.

जुन्या लॅपटॉपची मी तुला लिहून बदनामी केली, तुझ्या माइकचीही केली. लाटेचे दाते दिसले त्याच दिवशी मला शंका आली होती, आणि तरी वाऱ्यावर ढकललं. कारण सांगते. तुझ्या डिस्कचा डबा दारात येतो तेव्हा या घरात जी गडबड उडते, ती बंद होईल असं वाटलं. शाळेची नोकरी सुटल्यापासून 'हे ताईकडे द्या' असं म्हणायला तूच एक उरला आहेस. पक्ष्यांची फिल्म कापणारी बाई आणि तिला पक्षीच ऐकू येत नाहीत, हे मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर काम काढून घे म्हटलं असतं. तुला तसं वाटलं तर संकोच न करता सांग. चांगल्या कानाची कितीतरी मुलं हे काम करतात. नवा लॅपटॉप त्यांच्यातल्या कुणाला दे. जुना माझ्याकडे राहू दे.

फोन नको म्हणत होते तेही यासाठीच. पत्रातल्या तुझ्या प्रत्येक शब्दाला काना, मात्रा, वेलांटी असते. फोनवर तुझी निम्मी अक्षरं गळून येतात आणि मी मधे मधे हसून वेळ मारून नेते. मागे तू काहीतरी सांगितलंस आणि मी 'वा, छान' म्हणाले, तेव्हा तू एकदम गप्प झालास. तेव्हा काय सांगत होतास? अजून मनात आहे माझ्या.

बाबांच्या रेडिओबद्दल मागे अर्धंच लिहिलं होतं. रेडिओ संपल्यावर ते आपल्याला विचारायला लागले, 'काय म्हणालात?' आणि घरातलं कुणी ना कुणी म्हणायचं, 'काही नाही.' मनात वाईट काही नसायचं कुणाच्या. गोष्टच एवढीशी असायची. दूध उतू गेलं, मांजर खुर्चीवर झोपलं, कुणाला तरी उगाच हसू आलं. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण पुन्हा ओरडणार? पण एवढ्याशा गोष्टी काढून घेतल्या तर घरात दुसरं असतं काय? हळूहळू बाबांनी विचारायचंच सोडून दिलं. आपण म्हणायचो, बाबा हल्ली शांत झाले.

मला शांत व्हायचं नाही, बगळ्या.

तेव्हा फोन कर. रविवारी सकाळी कर, तेव्हा टीव्ही बंद असतो. हळू बोल, तोंडातला घास संपवून बोल. मी 'काय?' म्हणेन. पुन्हा म्हणेन. तू पाणथळीतून आला असशील, दमला असशील, सांगायची गोष्टही फार मोठी नसेल. तरी सबंध सांग, पहिल्यापासून.

फक्त 'काही नाही' म्हणू नकोस.

आशीर्वाद आहेतच.

रविवारी फोनजवळ बसलेली,
तुझी ताई